बोअरचं गोड पाणी

२०२४ साल होतं आणि मला बहात्तरावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात मी बीबी गावाला लेकीकडे राहायला आलो होतो आणि एक दिवस धड बसवत नव्हतं. सकाळी उठायचं, बाजाराच्या टोकापर्यंत चालत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. लेक म्हणायची, "बाबा, चपला झिजवून राह्यले का रस्ता?"

पाय थांबत नव्हते याचं कारण कानात होतं. गावाबाहेर दोन शेतं ओलांडली की गॅसचा कारखाना आहे. पाइपातून आलेला गॅस इतका गार करायचा की त्याचं पाणी होतं, आणि ते पाणी टँकरमध्ये भरून पाठवायचं. मोठ्या रस्त्यावरचे कितीतरी ट्रक आता त्यावर चालतात. त्या कारखान्याची घरघर लेकीच्या घरात दिवसभर ऐकू यायची. गावातल्या लोकांना ती ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं. मला नाही. माझा जन्म कॉम्प्रेसरपाशी गेला. दुपारी एकच्या सुमारास त्या घरघरीत दम लागल्यासारखा एक आवाज मिसळायचा, आणि तो सुरू झाला की मला घास उतरायचा नाही.

मी जळगाव जामोदचा. चौथी शिकलो. पाचवीत आठ दिवस गेलो, मास्तरांशी पटलं नाही, पाटी घरी आणून ठेवली. अठराव्या वर्षी बर्फाच्या कारखान्यात लागलो आणि अडतीस वर्षं तिथेच काढली. अमोनियाचा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची टाकी, टाकीत उभे पत्र्याचे डबे, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक डब्यात एक लादी. लोकांना वाटतं तिथे थंडी तयार होते. थंडी कोणी तयार करत नाही. डब्यातली गरमी काढायची आणि बाहेर नेऊन फेकायची, एवढंच ते काम आहे. ती फेकायला आमच्या अंगणात जाडजूड लोखंडी नळ्यांची एक भिंत होती, आणि तिच्यावरून सतत पाणी वाहतं ठेवलेलं असायचं.

आमच्याकडचं पाणी खारं. सातपुड्याच्या पायथ्याला गेलं की गोड लागतं, पण खाली पूर्णा नदीकडे सरकलं की तोंडात धरवत नाही. खाऱ्या पाण्याने त्या नळ्यांवर पांढरी खपली चढायची, बोटभर जाड. दिवाळीनंतर काम मंदावलं की मी छिन्नी-हातोडी घेऊन ती फोडत बसायचो. शेवटी मालकाने ठरवलं की पायथ्याकडची एक विहीर घ्यायची. सात विहिरी बघायच्या होत्या. त्याने मला जीपमध्ये घातलं आणि सातही विहिरींचं पाणी चाखायला लावलं. मी पाचवी सांगितली. तिचं पाणी पुढे कारखाना बंद होईपर्यंत चाललं आणि छिन्नी गंजून गेली.

तेव्हापासून कोणाच्या वावरात बोअर लागला की मला बोलावणं यायचं. नारळ ते फोडायचे, पाणी मी चाखायचो. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी ज्यांच्या घरात चालत नव्हतं, तीही माणसं त्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी ओंजळभर पाणी तोंडात फिरवून मुद्दाम थोडा वेळ लावायचो. मग म्हणायचो, "गोड हाय," किंवा "बुजवून टाका." माझ्या शब्दावर मोटार बसायची नाही तर खड्डा बुजायचा. हे सगळं सांगतो कारण पुढे जे झालं ते ह्याच जिभेमुळे झालं.

लेकीला मी बर्फाच्या पगारावर शिकवलं. खामगावला डिप्लोमा, मग अमरावतीला डिग्री. गॅसच्या कारखान्यात ती इंजिनीअर आहे. जावई संभाजीनगरला नोकरीला, शनिवारी यायचे. तिची आई गेल्यावर लेक मला हट्टाने घेऊन आली. मी येत नव्हतो. कारखान्याची घरघर ऐकायला मिळेल म्हणाली, तेव्हा आलो.

एका संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना मी तिला विचारलंच.

"तुमच्या मशिनीले दुपारी दम काऊन लागते?"

ती चमकली. "तुमाले इथून समजते?"

"मले झोपेत समजते."

मग तिने सांगितलं. "बाबा, तुमचं मिठाचं पाणी उणे दहा असायचं. आमाले उणे एकशे साठच्या आसपास जा लागते."

"बाप्पा! एकाच उडीत?"

"नाई, टप्प्याटप्प्यानं. पण कोणताई टप्पा घ्या, गॅसमधली गरमी काढून शेवटी बाहेरच फेका लागते. आमच्याकडं नळ्याईवर पाणी सोडत नाई. मोठे पंखे हायेत, ते हवा ओढतात, त्या हवेत गरमी जाते."

"कोणत्या हवेत? ह्या?" मी समोर हात केला. सूर्य मावळला तरी रस्ता भाजत होता. दुपारी पारा चव्वेचाळिसावर गेलेला.

ती हसली. "तेच तं दुखणं हाय. सकाळी जेवढं भरते, दुपारी त्याच्या पाऊण भरते. अन् वीज मात्र जास्त खाते."

तिने एक तोड काढली होती. ती तिला घरच्या कूलरपाशी बसून सुचली, असं म्हणाली. आमच्याकडे होळी झाली की घरोघरी कूलर खाली उतरतात, ताट्यांमध्ये नवं गवत भरलं जातं. कोरडी हवा ओल्या ताटीतून आली की गार होते, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत. कारखान्यातले ते पंखे वर असतात आणि खालून हवा ओढतात. त्या खालच्या मोकळ्या जागेला चारही बाजूंनी ओल्या ताट्या लावल्या तर पंख्यांना गार हवा मिळेल, मशीनचा भार हलका होईल, तेवढ्याच विजेत जास्त गॅस पाणी होईल. साधी गोष्ट. पण कारखान्याच्या साहेबांना साध्या गोष्टीवर विश्वास नव्हता. त्यांच्या मनात गारव्याचं मोठं चिलर मशीन घ्यायचं होतं. लेकीचं म्हणणं, ते चिलर जेवढं वाचवेल तेवढी वीज स्वतःच खाईल.

शेवटी साहेबांनी तिला पंख्यांच्या तीन रांगांपैकी एक रांग दिली आणि पंधरा दिवस दिले. जमलं तर थंडीकडच्या सगळ्या कामाचा चार्ज तिच्याकडे. नाही जमलं तर चिलर येणार आणि ती ऑफिसात कागद भरायला बसणार.

"कागद भराले मी शिकली का बाबा?" ती म्हणाली. मी चहा तसाच ठेवून रस्त्याला लागलो. मला बसवेना.

ताट्या बांधायला माणूस पाहिजे होता. मी बर्फ कारखान्यातला आहे हे साहेबांना कुठून तरी कळलं आणि त्यांनीच सांगितलं, बोलवा त्यांना. लेकीला ते फारसं आवडलं नाही. फाटकाशी मोबाइल, काडेपेटी, तंबाखूची डबीसुद्धा ठेवून घेतली. आत जाताना ती हळूच म्हणाली, "बाबा, एक ध्यानात ठेवा. तिथं मी तुमची लेक नाई. मी जे सांगन तेच करा लागन."

"बरं मॅडम," मी म्हणालो. ती हसली नाही.

ताट्या मी अशा बांधल्या की वाऱ्याने हलू नयेत. त्या गाठी अजून तिथे आहेत, आता तीनही रांगांना. पण त्या वेळी एकच रांग होती. पहिल्या दिवशी पाणी सोडलं आणि तासाभरात घरघर हलकी झाली. पंख्याखाली उभं राहिलं तर अंगावर काटा यायचा, बाहेर डोकं फुटेस्तोवर ऊन. लेकीने आकडे लिहून घेतले. वाढ होती. साहेब म्हणाले, "ठीक आहे, बघू." तेवढंच.

अडचण पाण्याची होती. लेकीचा नियम असा की ताट्यांवर फक्त मशीनमधून मऊ करून घेतलेलं पाणी सोडायचं, आणि त्याचाही थेंब पंख्यांखालच्या नळ्यांना लागू द्यायचा नाही. मऊ पाण्याचं मशीन लहान. दुपारी अडीचला टाकी संपायची. ताट्या सुकायच्या आणि ऐन तापत्या वेळी दम लागलेला आवाज पुन्हा सुरू. पलीकडे दहा पावलांवर बोअर. मोटार चालू केली की मनगटाएवढी धार. त्याच्याकडे बघत बसायचं म्हणजे माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची. मी पंख्याखाली जायचो, बाहेर यायचो, टाकीवर टिचकी मारून बघायचो.

तिसऱ्या दिवशी मी बोअरचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात फिरवलं. गोड. खाऱ्याचा लवलेश नाही. पायथ्याच्या त्या पाचव्या विहिरीपेक्षाही गोड.

घरी आल्यावर मी म्हणालो, "बोअरचं सोड. पाणी गोड हाय."

"गोड असलं म्हणून काय झालं? जड हाय ते. त्यात चुना हाय."

"खारं नाई तं खपली कायची धरन?"

"बाबा, खारं अन् जड ह्या दोन गोष्टी हायेत. पातेल्याचं बूड पाहा ना. चहाचं पाणी उकळून उकळून पांढरं झालं."

"तुझं पातेलं जुनं हाय."

तिने कपाटातून एक छोटी पेटी काढली. काचेच्या नळीत आमच्याच नळाचं पाणी घेतलं, तेही त्याच बोअरच्या पट्ट्यातलं. त्यात काही टाकलं तर पाणी लाल झालं. "आता ह्या बाटलीतले थेंब टाकायचे," ती म्हणाली, "लालाचं निळं होईस्तोवर. जेवढे जास्त थेंब, तेवढा चुना जास्त. मोजा तुमीच. एक, दोन, तीन…"

मी सहाव्या थेंबाला उठलो.

"बसा ना, पुरं तं होऊ द्या."

"पन्नास वर्षं लोकाईनं माह्या जिभेवर बोअर खोदले. मले औषधाचे थेंब शिकवून राह्यली तू?"

"जिभेवर कारखाना चालते का, बाबा?"

मी चपला घातल्या आणि निघालो. मागे ती थेंब मोजत होती का नाही, मी वळून पाहिलं नाही. बाजारापर्यंत जाऊन आलो तोवर पेटी कपाटात गेली होती आणि ताट वाढून ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी ऊन असं होतं की पाण्याच्या टाकीला हात लावला तर चटका बसत होता. टाकी दोनलाच संपली. लेक आत कंट्रोल रूममध्ये साहेबांसमोर आकडे घेऊन बसलेली. घरघर जड झाली, मग आणखी जड. मला वाटलं हा आवाज तिच्या नोकरीचाच आहे. मी कुंपणाशी टाकलेला शेतातला जुना पाइप आणला, त्याला तुषार सिंचनाची पाच नोझल बसवली, ताट्यांच्या आत शिरलो आणि पाइप नळ्यांच्या खाली, तोंड वर करून, बांधायला लागलो. नुसत्या ताट्यांवर काय भागणार? आमच्या बर्फाच्या कारखान्यात पाणी सरळ नळ्यांवर जायचं.

बाहेरच्या मशिनींवर धामणगाव बढे गावचा एक ऑपरेटर होता, तोंडाचा फटकळ. तो ताटीतून डोकावला.

"काकाजी, वर काय बांधून राह्यले?"

"नोझल."

"मॅडमनं तं सांगतलं होतं, नळ्याईले पाणी लागू द्याचं नाई."

"मॅडम कोणाची लेक हाय?"

"तुमची."

"मंग?"

तो हसला. "मंग मले काई दिसलं नाई," म्हणाला आणि शीळ घालत पलीकडे गेला.

मी बोअरची लाइन जोडली. फवारा वर गेला, नळ्यांवरून वाफ उठली, आणि बघता बघता घरघर अशी उतरली, जशी पहाटे असते. अर्ध्या तासात साहेब स्वतः बाहेर आले. पुण्याकडचे गृहस्थ, उन्हात येत नसत. म्हणाले, "काका, काय जादू केलीत? दुपारी तीन वाजता सकाळच्यापेक्षा जास्त उत्पादन!" चार माणसांसमोर त्यांनी माझा हात हातात घेतला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. अंग हलकं झालं. त्या संध्याकाळी मी बाजाराकडे गेलो नाही, ओट्यावरच बसलो.

लेक आली ती कागद घेऊनच.

"बाबा, माह्या हिशेबात हवा एवढी गार होतच नाई."

"तुझा हिशेब चुकला असन."

"पाणी ताट्याईवरच हाय ना?"

"हाव."

"मऊच पाणी ना? अडीचनंतर पुरलं कसं?"

"ताट्या घट्ट बांधल्या. सांडत होतं ते थांबलं."

ती दुसऱ्या दिवशी ताट्यांच्या आत डोकावली असती तर तिला पाइप दिसला असता. ती डोकावली नाही. बापाच्या शब्दावर कागदात आकडे चढवले.

आठवडाभर आनंदीआनंद. साहेब तिला नावाने हाक मारायला लागले. चिलरचा विषय निघेनासा झाला. एका संध्याकाळी ती जिलबी घेऊन आली. म्हणाली, "चार्ज मिळाल्यासारखाच हाय. सकाळी जळगावले फोन करून सांगा सगळ्याईले." मी जिलबी खाल्ली. फोन मात्र केला नाही. का केला नाही, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. झोपेत मला ती नोझल दिसत होती.

बाराव्या दिवशी सकाळी नऊ वाजताच दम लागलेला आवाज आला. सकाळी नऊला! मी दात घासत होतो, ब्रश तसाच तोंडात धरून अंगणात आलो. उन्हं अजून तापलीसुद्धा नव्हती. पहिल्यांदा वाटलं माझेच कान. तेराव्या दिवशी आवाज त्याहून जड झाला आणि ताट्यांची रांग बाकीच्या दोन रांगांपेक्षाही मागे पडली. साहेब मॅडमकडे न बघता माझ्या बाजूने निघून गेले. लेकीने ताट्या बदलल्या, पंख्यांचे पट्टे तपासले, पुन्हा पुन्हा तेच कागद चाळत राहिली. मी पाणी बंद-चालू करत फिरत होतो.

चौदाव्या दिवशी दुपारी ऑपरेटर जेवायला गेला तेव्हा मी आत शिरलो, स्टुलावर चढलो आणि हात वर केला.

त्या नळ्या आमच्यासारख्या नागड्या नसतात. त्यांना ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची झालर असते, एकीला एक खेटून, वहीच्या पानांसारखी. हवा त्या पानांमधून जाते. मी हात लावला तर पानं नव्हतीच. चुन्याने सारवलेली भिंत होती. नखाने खरडलं तर खपली निघाली आणि तिच्याबरोबर पट्टीही वाकली. इथे छिन्नी चालणार नव्हती.

मी खपलीचा तुकडा जिभेवर ठेवला.

काहीच चव लागली नाही. मिठाची लागली असती तर मला बरं वाटलं असतं, मग कोणी तरी पाण्यात खोट केली असं म्हणता आलं असतं. तोंडात नुसती भुकटी होती.  मग खाली उतरलो, बोअरची लाइन तोडली, नोझल काढली आणि पाइप जिथून आणला तिथे नेऊन टाकला. ऑपरेटर परत आला. पाइपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काकाजी, उद्या मीटिंग हाय."

"मालूम हाय."

"मॅडम लय रडवेल्या झाल्या बावा."

मी स्टूल उचलून जागेवर नेऊन ठेवलं.

संध्याकाळी लेक लॅपटॉप उघडून बसली. उद्या आठ वाजता साहेबांना अहवाल द्यायचा होता. मी ओट्यावर, मग आत, मग पुन्हा ओट्यावर.

"बसा ना बाबा एका जागी, माझं ध्यान लागत नाई."

"काय लिहून राह्यली?"

"हेच का ताट्याईचा उपयोग नाई. उत्पादन सुरुवातीले वाढते, मंग पडते. चिलर घ्या." ती स्क्रीनकडेच बघत होती. "माझंच कुठं तरी चुकलं. कुठं, तेच समजत नाई. रात्री डोळे मिटले का तेच आकडे."

हे ऐकवलं नाही. बर्फाच्या कारखान्यात एकदा माझ्या हातून व्हॉल्व्ह उलटा बसला होता. मालक फक्त म्हणाला होता, चूक झाली एवढं बोल. मी बोललो नाही, सहा महिने घरी बसलो, तिच्या आईने दुसऱ्याच्या वावरात निंदण करून चूल पेटती ठेवली. शेवटी मालकच बोलवायला आला. ती गोष्ट मी आयुष्यभर मर्दुमकी म्हणून सांगत आलो होतो.

"ताट्या खोडू नको," मी म्हणालो.

"काऊन?"

"नळ्याईवर मी पाणी मारलं. बोअरचं."

तिचे हात थांबले. "कई?"

"पाचव्या दिवसापासून."

"म्हणजे नऊ दिवस?"

"हाव."

तो शब्द तोंडातून गेला आणि दोघांनाही त्या संध्याकाळचा माझा खोटा 'हाव' आठवला.  रागावली असती तर मी भांडलो असतो, मला ते जमतं. तिने फक्त विचारलं, "मी विचारलं होतं ना तुमाले?"

"विचारलं होतं."

"चाखलं होतं तुमी पाणी?"

"चाखलं होतं."

ती उठली, स्वयंपाकघरात गेली, कुकर लावला. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. "पट्ट्या धुता येतीन," ती म्हणाली. "पातळ औषध मिळते, लिंबाच्या आंबटाचं, सावकाश लावा लागते. थोड्या वाकल्या असतीन त्या सरळ करू. पण अहवालात काय लिहू मी?"

"जे झालं ते."

"तुमचं नाव लिहू? साहेब म्हणतीन, बापाले आत घेतलं अन् बापानं वाटोळं केलं. उलट माझ्यावरच येईन. मी लिहिते, जोडणीत बिघाड झाला. कोणाचंच नाव नाई."

म्हणजे ती मला वाचवत होती. तिच्या हातून झालं असंच साहेबांनी धरलं असतं, आणि तिने ते धरू दिलं असतं. एका बाजूने मला सुटल्यासारखं वाटलं, तेही इथे लिहून ठेवतो. मी "तुले पटन तसं" म्हणालो आणि चपला शोधायला लागलो. एक चप्पल दारामागे गेली होती. ती वाकून काढताना माझ्या कंबरेत कळ आली, आणि मी चप्पल तिथेच टाकून परत आत येऊन बसलो. जेवलो.  पलीकडे घरघर चालू होती, दमलेली, आणि पहिल्यांदाच मी तिच्यापासून उठून कुठे गेलो नाही.

सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी कपाटातली पेटी काढून पिशवीत घातली आणि तिच्या आधी निघालो. कारखान्याच्या बोअरवर जाऊन तांब्याभर पाणी घेतलं. चाखलं नाही. आठला पाच कमी असताना साहेबांच्या खोलीत गेलो. तिथे साहेब, धामणगावचा ऑपरेटर आणि आणखी दोन इंजिनीअर बसलेले. लेक अहवाल छातीशी धरून दारातून आत आली आणि मला बघून जागीच थांबली.

"काका, तुम्ही इथे?" साहेब म्हणाले.

मी बसलो नाही. म्हणालो, "साहेब, ताट्या बरोबर होत्या. मॅडमनं सांगतलं होतं, नळ्याईले पाणी लावू नका. मी लावलं. चोरून लावलं, अन् मॅडमनं विचारलं तेव्हा खोटं बोललो. पाणी गोड लागलं म्हणून. चूक झाली."

ऑपरेटर खाली बघायला लागला. साहेब काही विचारायच्या आत मी तांब्या टेबलावर ठेवला, काचेची नळी काढून तिच्यात बोअरचं पाणी भरलं, लेकीने केलं होतं तसं औषध टाकलं. पाणी लालभडक झालं. मग थेंबांची बाटली घेतली. जास्तीचा थेंब पडू नये म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोजायला लागलो. सहाव्या थेंबाला लेकीकडे एकदा पाहिलं. मग पुन्हा नळीकडे, आणि पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजत राहिलो.